ऑर्विलच्या होडीचे बूच

मित्रांनो, मी एक जुने बूच आहे. तुम्ही हसलात तरी मला वाईट वाटणार नाही. गळ, रंगीत आमिषे, मोठ्या आवाजाचे इंजिन यांच्या गोष्टी ऐकायला सगळे तयार असतात. बुचाची गोष्ट कुणी विचारत नाही. अंगठ्याएवढे माझे शरीर, काळ्या रबराचे, आणि डोक्यावर पितळेचा एक खटका. खटका उभा केला की मी सैल पडतो, आडवा दाबला की फुगून घट्ट बसतो. माझी विद्या एवढीच.

पण टेनेसीतल्या कॉपर क्रीक तळ्यावर ऑर्विल प्रूइटची जी हिरवी पत्र्याची होडी फिरते, तिच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, एक भोक आहे. त्या भोकाचा मी मालक. होडीला मुद्दाम भोक कोण पाडतो, असे तुम्हाला वाटेल. पाडावे लागते, मित्रांनो. हिवाळाभर होडी अंगणात ट्रेलरवर उभी असते. पाऊस पडतो, बर्फ वितळतो, त्या पाण्याला जायला वाट हवी. म्हणून होडी घरी आली की मला काढायचे आणि तळ्यात उतरवण्याआधी परत लावायचे. इतके सोपे काम आहे. तरीही ते कधीच न विसरलेला मासेमार मला अजून भेटायचा आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला पुठ्ठ्यावर डकवले आणि पुढचे कितीतरी महिने मी तळ्याकाठच्या नेल्डाबाईंच्या दुकानात एका खिळ्याला लटकत होतो. एका बाजूला जिवंत किड्यांचे डबे, दुसऱ्या बाजूला सार्डिन माशांचे डबे. ऑर्विलने मला उचलले, अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाला, "हे चालेल." माझे इतके कौतुक आजवर दुसऱ्या कुणी केलेले नाही.

ऑर्विलने सारी हयात शाळेची बस चालवली. संध्याकाळी बस रिकामी झाली की तो शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन बघायचा, एखादे पोर झोपून राहिले नाही ना. तीच सवय त्याने होडीला लावली. मला भोकात बसवायचा, खटका दाबायचा, पत्र्यावर दोनदा थाप मारायचा आणि म्हणायचा, "सगळी पोरं आत." मगच होडी पाण्यात जायची. मला त्या पोरांत धरलेले आहे, याचा मला फार अभिमान वाटायचा.

होडीत त्याच्याबरोबर दोघे मित्र असत. डेल्बर्ट गावातला न्हावी. त्याची कात्री थांबे, पण तोंड थांबत नसे. हॉइट मोटारी दुरुस्त करणारा. तो इतका कमी बोले, की बोलायच्या आधी टोपी काढून हातात घेई, आणि मग बाकीचे दोघे आपोआप गप्प होत.

माझे एक तोंड तळ्याकडे आणि दुसरे होडीत. त्यामुळे दोन्हीकडचे मला कळते. वसंताच्या अगदी सुरुवातीला, रेडबडच्या उघड्या फांद्यांवर पानांच्या आधी गुलाबी फुले येतात, तेव्हा तळे अजून हिवाळ्यातच असते. गळकाठीच्या कड्यांत सकाळी बर्फ धरतो. पण दुपारी उन्हाने काठचे दगड कोमट होतात, आणि हिवाळाभर खोल तळाशी निजलेले बास मासे हळूहळू त्या दगडांकडे सरकू लागतात. हे तिघे तिथे लाल झिंग्यासारखी रंगवलेली लाकडी आमिषे टाकत आणि अगदी सावकाश ओढत. बोटे बधिर व्हायची, नाके गळायची. मासा लागो न लागो, दुपारी सार्डिनचा डबा फुटायचाच, आणि डेल्बर्ट त्याच्या दुकानात गावाने काय काय सांगितले ते सगळे सांगायचा.

या दिवसांत गळाला लागणारा मोठा मासा म्हणजे बहुतेक गाभोळीने भरलेली मादी असते. तिला ठेवायची नाही, हा तिघांचा नियम. ऑर्विल तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवायचा, ती शेपूट हलवीपर्यंत. हात निळे पडले तरी घाई करायचा नाही. मग ती माझ्या समोरून खोल पाण्यात जायची. त्या वेळी मला ऑर्विलचा फार लोभ वाटे.

आता तुम्हाला बदकांच्या जाकिटाबद्दल सांगायला हवे. नेल्डाबाईंच्या दुकानात दाराशी एक नारिंगी जीवरक्षक जाकीट टांगलेले आहे, लहान मुलाच्या मापाचे, त्यावर पिवळी बदके. तळ्यावर जो कुणी गाढवपणा करील त्याने ते जाकीट दिवसभर घालायचे, हा इथला रिवाज. हॉइटने एकदा आमिषाबरोबर अख्खी गळकाठी तळ्यात फेकली, तेव्हा त्याने ते घातले. गावच्या पाद्रीबाबांनी स्वतःचीच टोपी गळात अडकवून पाण्यात भिरकावली, तेव्हा त्यांनीही घातले, आणि ते घालूनच नेल्डाबाईंकडे कॉफी प्यायले. डेल्बर्टने किती वेळा घातले, ते विचारू नका. ते जाकीट घातलेल्या माणसाला सगळे मनसोक्त हसत, आणि दुसऱ्या दिवशी विषय संपलेला असे.

पुढे ऑर्विल विसरू लागला. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आले नाही, कारण चष्मा आणि किल्ल्या सगळेच विसरतात. पण मी त्याच्या खिशात असायचो, म्हणून मला कळत होते. त्याचे हात आधी शर्टाचा खिसा चाचपायचे, मग पँटचे, मग कोटाचे, मग पुन्हा शर्टाचा. मी सापडलो की तो मोठा श्वास सोडायचा. आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू. ते घाबरलेले हात मला फार बोचायचे.

त्या वर्षी मार्च महिन्यात पहिला उबदार शनिवार आला. तळ्यात होड्या सोडायच्या उतारावर गाड्यांची रांग लागली होती. निघताना ऑर्विलने मला आठवणीने कोटाच्या खिशात टाकले होते. उतारावर तो होडीच्या मागे गेला, तेवढ्यात कुणीतरी जुन्या ओळखीच्याने हाक मारली. तो दोन शब्द बोलला, परत वळला, पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि म्हणाला, "सगळी पोरं आत."

मी आत नव्हतो, मित्रांनो. मी कोटाच्या खिशात होतो. बुचाला ओरडता येत नाही, हे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झाले.

हॉइटने ट्रक मागे घेतला, होडी पाण्यात तरंगली, ऑर्विल आणि डेल्बर्ट आत बसले. थोड्याच वेळात डेल्बर्टचे बूट पाण्यात होते. "अरे, पाणी! बूच लावलंस का?"

"लावलं. आत्ताच लावलं मी."

"मग हे पाणी काय माझ्या बुटातून येतंय?"

"सांगतोय ना, लावलं!" ऑर्विलचा आवाज चढला. आणि बोलता बोलताच त्याचे हात खिसे चाचपू लागले. शर्ट, पँट, कोट. मी त्याच्या बोटांना लागलो आणि तो एकदम थांबला. त्याने मला बाहेर काढून तळहातावर धरले. तो पाण्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हाताकडे बघत होता.

डेल्बर्टने चेष्टा करायला तोंड उघडले होते. पण त्याने ऑर्विलचा चेहरा पाहिला आणि ते मिटले. रांगेतले लोकही गप्प झाले. सगळ्यांनी मुकाट्याने हात लावून होडी परत ट्रेलरवर घेतली. कुणीतरी ऑर्विलच्या खांद्यावर थोपटले. दुकानात जाऊन तो दाराशी त्या नारिंगी जाकिटाजवळ उभा राहिला. मला वाटते, तो वाट बघत होता. नेल्डाबाईंनी त्याच्या हातात कॉफी दिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "होतं असं कधीकधी, ऑर्विल." नेल्डाबाई त्याच्याशी हळू आवाजात कधीच बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी त्याची मुलगी डार्ला जेवण घेऊन आली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो.

"डार्ला, होडी विकून टाक," ऑर्विल म्हणाला.

"बाबा, थोडं पाणी शिरलं म्हणून कुणी होडी विकतं का?"

"पाण्याचं नाही गं. डेल्बर्ट हसला नाही."

"म्हणजे?"

"त्या माणसानं पाद्रीबाबांना सोडलं नाही. हॉइटच्या आईच्या अंत्यविधीला माझ्या टायवरून बोलला होता तो. आणि आज मी होडी बुडवली, तर गप्प बसला. जाकीटसुद्धा कुणी आणलं नाही. म्हणजे मला काय झालंय ते सगळ्यांना कळलंय." त्याने ताट बाजूला सारले. "ज्याच्यावर हसायची माणसांना भीती वाटते, त्यानं घरी बसावं."

दुसऱ्या गावच्या एका माणसाला होडी हवीच होती. तो पुढच्या रविवारी बघायला येणार असे ठरले.

शुक्रवारी डेल्बर्ट आला. पायरीवरूनच म्हणाला, "विकायच्या आधी एकदा जाऊ. शेवटचं."

"तू घेऊन जा होडी," ऑर्विल म्हणाला. "मी पाहुणा म्हणून बसेन. आणि हे तुझ्याकडे ठेव." त्याने मला डेल्बर्टच्या हातावर ठेवले. एवढी वर्षे मी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात गेलो नव्हतो.

डेल्बर्टने मला शर्टाच्या खिशात टाकले. अंगणात डार्लाने त्याला गाठले आणि वडील काय म्हणाले ते सगळे सांगितले. मी डेल्बर्टच्या छातीशी होतो. एरवी तिथे बोलण्याची आणि हसण्याची सारखी गडगड चालू असते. त्या वेळी तिथे काहीच ऐकू येईना.

"मला वाटलं, मी चांगलं वागलो," एवढेच तो म्हणाला.

शनिवारी उतारावर पुन्हा रांग होती. रेडबड भरात आला होता. ऑर्विल होडीत पुढच्या बाकावर बसला होता, हात गुडघ्यांमध्ये घालून, पाहुण्यासारखा. हॉइट ट्रकमध्ये होता. डेल्बर्ट होडीच्या मागे गेला, वाकला आणि मला खिशातून काढले. त्याने मला भोकापर्यंत नेले. माझे रबर पत्र्याला टेकलेही. मग तो थांबला. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मला परत खिशात टाकले आणि वरून खिशाचे बटण लावले.

मला वाटले, याचे डोके फिरले. तेवढ्यात त्याने पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि साऱ्या उताराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सगळी पोरं आत!"

होडी तरंगली. डेल्बर्ट आत चढून इंजिनाशी बसला. पाणी आले, त्याच्या बुटांवरून वर चढले, आणि तो खुशाल आकाशाकडे बघत हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. ते पाणी बर्फासारखे गार होते, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

ऑर्विलने मागे वळून पाहिले. "डेल्बर्ट, तुझे पाय कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? बुटात."

"आणि बूट?"

डेल्बर्टने खाली पाहिले. नाटकात तो कधी काम करता तर उपाशी मेला असता. "अरे देवा! बूच!" असे म्हणून त्याने बटण काढले, खिशात हात घातला आणि मला उंच धरून सगळ्या उताराला दाखवले.

पहिल्यांदा हसला तो ऑर्विल. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग त्याला बाकाला धरून बसावे लागले. त्याच्यामागून सगळी रांग हसू लागली. नेल्डाबाई दुकानातून बाहेर आल्या. "जन्मभर तोंड चालवलंस," ऑर्विल डोळे पुसत म्हणाला, "आज एकदा डोकं चालवायचं होतंस, लेका!"

"माझ्या डोक्यात पाणी शिरलं बघ."

"तिथं जागा भरपूर आहे."

आणि पाहुणा उठला, मित्रांनो. तो गुडघाभर गार पाण्यात उतरला, होडीचे नाक धरले आणि हुकूम सोडू लागला. हॉइट, ट्रेलर मागे घे. अजून. डावीकडे. थांब. होडी वर आली आणि त्या भोकातून पाण्याची धार लागली. धार संपेपर्यंत ऑर्विल तिथेच उभा राहिला. मग त्याने डेल्बर्टसमोर हात पसरला.

"दे ते इकडे. तुझ्या भरवशावर होडी सोडली, तर आत मासेच बसतील."

त्याने मला बसवले, खटका दाबला, आणि अंगठा थोडा वेळ तसाच ठेवला. मग तो स्वतः दुकानात गेला आणि ते नारिंगी जाकीट घेऊन आला. डेल्बर्टच्या पोटावर त्याचे बंद पुरेनात, म्हणून हॉइटने मागून दोरीने बांधले. अर्धा दिवस डेल्बर्ट तसाच आमिष टाकत बसला. काठावरचे लोक बदकासारखा आवाज काढायचे आणि तो मान लववून आभार मानायचा.

सार्डिनचा डबा संपल्यावर ऑर्विल म्हणाला, "काढ ते. उरलेला दिवस माझा. मागच्या शनिवारचं राहिलंय."

डेल्बर्टने त्याच्याकडे निरखून पाहिले. मला भीती वाटली, हा पुन्हा चांगला वागतो की काय. पण तो म्हणाला, "तुला नाही शोभायचं. बदकांना जरा भरलेलं अंग लागतं." आणि जाकीट काढून त्याने ऑर्विलच्या गळ्यात घातले. तेच घालून ऑर्विलने दुपारी दगडांजवळ एक मोठी मादी पकडली. त्याने तिला पाण्यात धरले, ती शेपूट हलवीपर्यंत, आणि ती माझ्या समोरून गेली.

परतताना हॉइटने टोपी काढली. दोघे गप्प झाले. "उद्या तो माणूस येणार आहे, होडी बघायला."

"येऊ दे की," ऑर्विल म्हणाला. "बघून जाईल."

त्या संध्याकाळी ऑर्विल घरी मला ट्रकच्या किल्लीच्या कडीत अडकवत होता. डार्ला दारात उभी होती. तिने एक अट घातली होती, की एकट्याने तळ्यावर जायचे नाही, आणि त्याने ती कुरकुर न करता मान्य केली होती.

"डेल्बर्टकाका पण विसरले म्हणे आज," ती म्हणाली.

"नाही विसरला. मुद्दाम केलं त्यानं."

"कशावरून?"

"विसरलेला माणूस आधी सगळे खिसे चाचपतो, पोरी. मला विचार. त्याचा हात थेट खिशात गेला. बटणसुद्धा लावलेलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ऑर्विलने किल्ली खिळ्याला टांगली. मी तिच्याबरोबर थोडा वेळ डोलत राहिलो. "एवढ्या गार पाण्यात पाय घालून बसला तो माझ्यासाठी," तो म्हणाला. "आता वर त्याला पकडू कशाला?"

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. माझ्या रबराला बारीक चिरा गेल्या आहेत. ऑर्विलचे विसरणे काही थांबले नाही, ते थांबणारे नसते. ट्रक आता हॉइट चालवतो. कधी ऑर्विल हॉइटला आपल्या बसमधल्या एखाद्या पोराच्या नावाने हाक मारतो, आणि हॉइट 'हो' म्हणतो. ते जाकीट ऑर्विलच्या वाट्याला पुष्कळदा येते, इतरांच्याही येते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी आजोबा, कुणी आत्या खिसे चाचपू लागली असेल. त्यांच्या हातातून सगळी कामे काढून घेऊ नका. त्यांच्याशी एकदम हळू आवाजात बोलू लागू नका. कालपर्यंत जशी थट्टा करत होता तशीच करा, आणि त्यांच्यामागून जाऊन बूच तेवढे बघा. माझ्यासारख्या लहान वस्तूची काळजी घ्यायची म्हणजे तरी दुसरे काय असते?

आमच्याकडे ते असे होते. ऑर्विल मला भोकात बसवतो आणि बाजूला होतो. मग डेल्बर्टला नेमकी त्याच वेळी बुटाची नाडी बांधायची आठवण होते. तो माझ्याजवळ खाली वाकतो आणि अंगठ्याने मला हळूच दाबून बघतो. डेल्बर्टचे बूट रबराचे आहेत. त्यांना नाडी नाही, हे ऑर्विलला पक्के ठाऊक आहे. तो तळ्याकडे बघत उभा राहतो, डेल्बर्टची नाडी बांधून होऊ देतो, आणि मगच पत्र्यावर दोनदा थाप मारतो.

"सगळी पोरं आत."